विज्ञानवार्तांतील सनसनाटी व विपर्यास

वैज्ञानिक निष्कर्ष त्याच्या मर्यादा गाळून किंवा फुगवून छापण्याचा वृत्तपत्रीय दोष. अशा बातमीत धादांत खोटे क्वचितच असते. जे वगळले जाते त्यानेच अर्थ बदलतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला तंबाखूच्याच गटात घातले. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका किती मोठा हे सांगत नाही. तरीही अनेक मथळ्यांत बेकन (खारवलेले डुकराचे मांस) सिगारेटच्या पंगतीला बसले. अशा मांसाच्या रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाची जोखीम १८ टक्के वाढते, हा आकडा खरा होता. पण मुळात ती जोखीम किती, हे सांगितल्याशिवाय वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

सर्वांत घातक उदाहरण ब्रिटनमधील एमएमआर (गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित) लसीचे. फेब्रुवारी १९९८ मध्ये डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा अवघ्या १२ मुलांवरील निबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्या निबंधातच म्हटले होते. पत्रकार परिषदेत मात्र वेकफिल्ड यांनी गोवर, गालगुंड व रुबेलाच्या लसी वेगवेगळ्या द्याव्यात असे सुचवले, आणि बातमी झाली ती याचीच. पुढे काही वर्षे वृत्तपत्रांनी ‘दोन्ही बाजू’ मांडल्या. एका पारड्यात १२ मुले, दुसऱ्यात मोठमोठ्या लोकसंख्यांचे अभ्यास, आणि जागा दोघांना सारखी: ही निःपक्षपातीपणाची विकृती होय. २००२ मध्ये डेन्मार्कच्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत असा संबंध आढळला नाही, तरी भीती ओसरली नाही. इंग्लंडमधील एमएमआर लसीकरण सुमारे ९२ टक्क्यांवरून २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर घसरले. वेल्समधील स्वान्सी भागात २०१२-१३ मध्ये गोवराची मोठी साथ आली. वेकफिल्ड यांचे गैरप्रकार उघडकीस आणले तेही ब्रायन डीअर या पत्रकारानेच, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला.

दोष केवळ वार्ताहरांचा मानणे चुकीचे आहे. २०१४ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासली. सुमारे एक तृतीयांश पत्रकांत नुसता सहसंबंध (दोन गोष्टी सोबत आढळणे) कार्यकारणभाव (एकीमुळे दुसरी घडणे) म्हणून मांडला होता. तशा पत्रकांवरच्या ८१ टक्के बातम्यांत तीच अतिशयोक्ती उतरली. संयत पत्रकांवरच्या बातम्यांत ती १८ टक्के होती. पत्रक फुगवल्याने प्रसिद्धी वाढते, याला मात्र फारसा पुरावा मिळाला नाही.