रानातली ब्लूबेरी शेतात कशी आली

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. तिथले आदिवासी ती रानातून गोळा करून वाळवत, सुकं मांस आणि चरबीबरोबर कुटून प्रवासाची शिदोरी करत. युरोपातून आलेल्यांनाही ती आवडली, पण लागवड कुणाला साधेना. बागेत आणून लावलेलं झुडूप खंगत जाऊन मरायचं.

कारण शोधलं अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोविल यांनी. माळी जिला कसदार म्हणतो तीच जमीन या झुडपाच्या मुळावर उठत होती! चुना आणि शेणखत घातलेल्या वाफ्यात ते तग धरेना; सामू (पीएच) पाचाच्या आसपास असलेल्या आम्लधर्मी, कुजलेल्या पाल्याच्या रेताड जमिनीत मात्र फोफावलं. १९१० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले.

न्यू जर्सीत क्रॅनबेरीचा मळा असलेल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचलं आणि कोविलना जमीन व मदत देऊ केली. आसपासच्या रानाचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेल्या माणसांना त्यांनी कामाला लावलं. प्रत्येकाकडे ॲल्युमिनियमची एक पट्टी, तिला सुमारे १६ मिलिमीटरचं भोक. ज्याचं फळ त्या भोकातून आरपार जाणार नाही, तेच झुडूप घ्यायचं. दाखवणाऱ्याला पैसे मिळत, शिवाय झुडपाला त्याचं नाव. रूब लीक यांनी दाखवलेलं ‘रूबेल’ आजही लावलं जातं. कोविलनी या निवडक झुडपांचे संकर केले आणि १९१६ मध्ये लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. श्रेय बहुतेकदा या दोघांनाच मिळतं. माझ्या मते रान तुडवणाऱ्यांचा वाटाही तेवढाच.

पोषणाचं म्हणाल तर गाजावाजा थोडा जास्तच आहे. १०० ग्रॅम फळात ८४ ग्रॅम पाणी, ५७ कॅलरी, सुमारे अडीच ग्रॅम तंतू आणि जेमतेम १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. पेरूत ते वीसएक पट असतं. ब्लूबेरीची खरी जमेची बाजू म्हणजे सालीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य. जांभळाचा रंगही त्याचाच.

जुन्या जातींना हिवाळ्यातली कडाक्याची थंडी लागायची. फ्लोरिडात कमी थंडीवर फळणाऱ्या जाती तयार झाल्या आणि पीक उबदार मुलखांत पसरलं. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश आज निर्यातीत अग्रेसर आहे, तोही वाळवंटी किनारपट्टीवर, ठिबकच्या पाण्यात आम्ल सोडून. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा साडेसातच्या वर, त्यात चुनखडी. तिथे ही लागवड करायची तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या कुंड्या किंवा पिशव्याच हव्यात.