अणुबाँब वापरण्याचा निर्णय (१९४५) : हेतूंविषयीचा वाद

अमेरिकेने ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब टाकले, ते नेमके कशासाठी, याविषयी इतिहासकारांत आजवर चालत आलेला वाद. युद्धात अण्वस्त्र वापरले गेल्याची ही दोनच उदाहरणे. १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मरण पावली, असे सर्वसाधारणपणे धरले जाते.

हा वाद वरवर एका प्रश्नाचा दिसतो, पण त्यात चार प्रश्न गुंतलेले असतात. बाँब टाकणाऱ्यांच्या मनात काय होते. तो टाकला नसता तर युद्ध कधी संपले असते. जपानने प्रत्यक्षात कशामुळे शरणागती पत्करली. आणि हे कृत्य समर्थनीय होते का. पहिल्याचे उत्तर जुलै १९४५ पर्यंतच्या अमेरिकी कागदपत्रांत शोधावे लागते, तिसऱ्याचे ऑगस्टमधल्या तोक्योत. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडला की चर्चा भरकटते. अमेरिकेच्या सामरिक बाँबफेक पाहणीने (बाँबफेकीच्या परिणामांची सरकारी तपासणी) जुलै १९४६ मध्ये असा निष्कर्ष काढला, की बाँब टाकला नसता, रशिया युद्धात उतरला नसता आणि जपानी बेटांवर सैन्य उतरवून स्वारी करण्याची योजनाही नसती, तरी जपान ३१ डिसेंबर १९४५ पूर्वी निश्चित आणि बहुधा १ नोव्हेंबरपूर्वीच शरण आला असता. हा निष्कर्ष बरोबर आहे की चूक, हा स्वतंत्र वाद आहे. तो बरोबर ठरला तरी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हेतूबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण निर्णयाच्या वेळी हा अहवाल कोणाच्याही हाती नव्हता.

निर्णय कसा झाला : ‘वापरावा की वापरू नये’ यावर साधकबाधक चर्चा होऊन शेवटी राष्ट्राध्यक्षांनी कौल दिला, अशी एकही बैठक नोंदींत सापडत नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी निधन झाले. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन आणि अणुबाँब प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी त्यांच्या जागी आलेले हॅरी ट्रूमन यांना प्रकल्पाची सविस्तर माहिती दिली ती २५ एप्रिलला. दोनच दिवसांनी, बाँब कोठे टाकायचा हे ठरवणाऱ्या लक्ष्य समितीची पहिली बैठक झाली. म्हणजे नवे राष्ट्राध्यक्ष विषय समजून घेत होते, तेव्हा शहरांची निवड सुरूही झाली होती. सुमारे २ अब्ज डॉलर खर्चून उभारलेली ही यंत्रणा बाँब तयार होताच तो वापरायचा, या गृहीतावरच चालत होती. ट्रूमन यांचा निर्णय म्हणजे जे चालले होते त्यात हस्तक्षेप न करण्याचा निर्णय होता, असे ग्रोव्ह्ज यांनी पुढे लिहिले. उपलब्ध नोंदींशी हे वर्णन चांगले जुळते.

खरे निर्णय खालच्या पातळीवर, तपशिलांच्या रूपाने होत गेले. बाँब जेथे तयार होत होता त्या लॉस अलामोस येथे १० व ११ मे रोजी झालेल्या लक्ष्य समितीच्या बैठकीचे इतिवृत्त याबाबत फार बोलके आहे. हिरोशिमात लष्करी कोठार आणि सैन्य जहाजांवर चढवण्याचे बंदर आहे, या गोष्टीसोबतच शहराजवळच्या टेकड्यांमुळे स्फोटाचा परिणाम एकवटून नुकसान वाढेल, अशी नोंद त्यात आहे. २८ मेच्या बैठकीत कारखान्यांवर नेम धरण्याचा विचार सोडून देण्यात आला, कारण ते लहान, विखुरलेले आणि शहरांच्या कडेला होते. बाँब शहराच्या मध्यावर टाकायचा, असे ठरले. अणुबाँबविषयी सल्ला देणाऱ्या स्टिमसन यांच्या अंतरिम समितीत ३१ मे रोजी चर्चा झाली, तेव्हा केवळ नागरी वस्ती हे लक्ष्य करता येणार नाही, पण शक्य तितक्या रहिवाशांवर खोल मानसिक परिणाम झाला पाहिजे, असे ठरले. समितीचे सदस्य जेम्स कोनंट यांनी त्यावर तोड सुचवली : भरपूर कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धसाहित्याचा कारखाना. पूर्वसूचना देणे किंवा निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवणे, हा पर्याय त्या दिवशी मुख्यतः दुपारच्या जेवणाच्या टेबलावर बोलला गेला. प्रकल्पातील शास्त्रज्ञ जेम्स फ्रांक यांच्या गटाने ११ जूनच्या अहवालात तो पुन्हा मांडला. ओपनहायमर, फेर्मी, लॉरेन्स व कॉम्प्टन यांच्या वैज्ञानिक मंडळाने १६ जूनला त्याला नकार दिला. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांचा, बाँबच्या वापराला आक्षेप घेणारा, सत्तर सह्यांचा अर्ज १७ जुलैचा आहे. तो ट्रूमन यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही.

लेखी आदेश २५ जुलैचा : हंगामी लष्करप्रमुख जनरल हँडी यांनी सामरिक हवाई दलाचे सेनापती जनरल स्पाट्झ यांना दिलेला. ३ ऑगस्टनंतर हवामान अनुकूल होताच हिरोशिमा, कोकुरा, नीगाता व नागासाकी यांपैकी एका शहरावर पहिला बाँब टाकावा आणि पुढचे बाँब तयार होतील तसे वापरावेत, असे त्यात म्हटले होते. नागासाकीच्या हेतूचा शोध घेताना हे शेवटचे वाक्य विसरून चालत नाही. दुसऱ्या बाँबसाठी राष्ट्राध्यक्षांचा वेगळा निर्णय झालाच नाही. तो ११ ऑगस्टला टाकायचा होता, पण हवामान बिघडण्याचा अंदाज आल्याने विमाने जेथून उडत त्या तिनिअन बेटावरच्या अधिकाऱ्यांनी दोन दिवस अलीकडे घेतला. पहिले लक्ष्य कोकुरा होते. तेथे नेम दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. ‘हिरोशिमानंतर जपानला विचार करायला तीनच दिवस का दिले?’ या प्रश्नाचे उत्तर असे हवामानखात्याच्या अंदाजात आणि सरसकट दिलेल्या आदेशात आहे. ७०,००० माणसांच्या मृत्यूमागे कोणाचा निश्चित हेतू दाखवता येऊ नये, ही या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट होय. तिसऱ्या बाँबला मात्र ट्रूमन यांनी १० ऑगस्टला अडवले. आणखी एक लाख माणसे मारण्याची कल्पना भयंकर वाटते, असे ते मंत्रिमंडळात म्हणाल्याची नोंद वाणिज्यमंत्री हेन्री वॉलेस यांच्या दैनंदिनीत आहे.

जीवितहानीचे आकडे : स्वारी टाळून अमेरिकी सैनिकांचे प्राण वाचवणे, हा अधिकृत खुलासा. फेब्रुवारी १९४७ मध्ये स्टिमसन यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या लेखात दहा लाखांवर हताहतांची भीती होती असे म्हटले आहे आणि ट्रूमन यांनी १९५५ च्या आठवणींत पाच लाख मृत्यूंचा उल्लेख केला आहे. यांतला पहिला आकडा मृत, जखमी व बेपत्ता यांचा मिळून आहे आणि दुसरा फक्त मृतांचा. दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. १९४५ च्या कागदांत चित्र निराळे दिसते. संयुक्त युद्धयोजना समितीच्या जूनमधल्या टिपणात दक्षिण क्यूशू (जपानचे दक्षिणेकडचे बेट) आणि नंतर तोक्योचे मैदान या दोन्ही मोहिमांसाठी ४०,००० मृत, १,५०,००० जखमी आणि ३,५०० बेपत्ता असा अंदाज होता. १८ जूनच्या व्हाइट हाउसमधील बैठकीत लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी क्यूशूच्या पहिल्या तीस दिवसांसाठी फिलिपीन्समधील लुझॉनच्या मोहिमेचे, म्हणजे ३१,००० हताहतांचे, प्रमाण दिले. अॅडमिरल लेही यांनी त्याऐवजी ओकिनावाच्या लढाईतले, सैन्याच्या ३५ टक्के हताहतांचे प्रमाण धरावे असे सुचवले. त्याच बैठकीत १ नोव्हेंबरच्या क्यूशू स्वारीला मंजुरी मिळाली.

युद्धोत्तर आकडे फुगवलेले आहेत, हे टीकाकारांचे म्हणणे त्यामुळे खरे ठरते. पण तेवढ्यावर प्राण वाचवण्याचा हेतूच बनावट होता असे म्हणणे ही उडी आहे. चाळीस हजार मृत्यू टाळणे हेही कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला पुरेसे कारण वाटले असते. शिवाय इतिहासकार रिचर्ड फ्रँक यांनी दाखवल्याप्रमाणे, जुलै व ऑगस्टमध्ये फोडलेल्या सांकेतिक संदेशांतून क्यूशूतील जपानी सैन्य जूनच्या अंदाजापेक्षा कितीतरी वाढल्याचे उघड होत होते. जूनचे आकडे ऑगस्टला लावणेही म्हणून धोक्याचेच.

रशियाचा मुद्दा : बाँबचा खरा रोख मॉस्कोवर होता, हा युक्तिवाद इतिहासकार गार आल्पेरोविट्झ यांनी १९६५ मध्ये विस्ताराने मांडला. त्याला भक्कम आधार आहेत. मे महिन्यात स्टिमसन आपल्या दैनंदिनीत बाँबला हातातला हुकमी पत्ता म्हणतात. दोस्त राष्ट्रांच्या प्रमुखांची पॉट्सडॅम परिषद जुलैपर्यंत लांबवण्यामागे बाँबच्या १६ जुलैच्या चाचणीची वाट पाहणे हेही कारण होते. परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांना रशियन सैन्य उतरण्याआधी जपानचे प्रकरण मिटवायची घाई झाली होती आणि त्यांना मांचुरियातील डायरेन व पोर्ट आर्थर या बंदरांची चिंता होती, हे नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांच्या २८ जुलैच्या नोंदीत स्पष्ट आहे. क्योतो लक्ष्यांतून वगळताना स्टिमसन यांनी दिलेले कारणही असेच : ते शहर नष्ट केले, तर कटुतेपोटी जपानी लोक युद्धानंतर आपल्यापेक्षा रशियनांकडे झुकतील.

मात्र हेच पुरावे तारखेने लावले की युक्तिवादाची मर्यादाही दिसते. लक्ष्यनिवड एप्रिलच्या अखेरीस सुरू झाली होती. १७ जुलैला स्टालिन यांनी ऑगस्टच्या मध्यावर युद्धात उतरण्याचे सांगितले, तेव्हा ट्रूमन यांना समाधान वाटल्याचे त्यांच्या दैनंदिनीत आणि पत्नीला लिहिलेल्या पत्रात दिसते. दुसऱ्याच दिवशी मात्र, रशिया येण्याआधीच बाँबमुळे जपान कोसळेल, असे ते लिहितात. चोवीस तासांत सूर बदललेल्या या नोंदींतले एकच वाक्य उचलून कोणताही पक्ष सिद्ध करता येतो, आणि तसे वारंवार केलेही गेले आहे. इतिहासकार बार्टन बर्नस्टाइन यांची मांडणी इथे अधिक टिकाऊ वाटते. बाँब वापरण्याचे गृहीत रूझवेल्ट यांच्या काळापासून आलेले होते, ते मोडण्याचे कारण कोणालाच दिसले नाही, आणि रशियावर पडणारा दाब हा वरचा फायदा होता. तो नसता तरी बाँब पडलाच असता.

सम्राटाच्या स्थानाची हमी : जपानी परराष्ट्रमंत्री तोगो यांचे मॉस्कोतील राजदूत सातो यांना पाठवलेले संदेश अमेरिका वाचत होती. १२ जुलैच्या संदेशात सम्राटाला युद्ध थांबवायचे आहे असे म्हटले होते. २१ जुलैच्या संदेशात बिनशर्त शरणागती कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही, असेही होते. पहिला तेवढा उद्धृत करणे हा या वादातला नेहमीचा दोष. जपानला शरण येण्यास बजावणाऱ्या पॉट्सडॅम घोषणेच्या मसुद्यात सध्याच्या राजघराण्याखाली घटनात्मक राजेशाही राहू शकेल, अशी सवलत होती. २६ जुलैला घोषणा प्रसिद्ध झाली, तेव्हा ती गाळलेली होती. बाँब वापरता यावा म्हणूनच ती गाळली, असे दाखवणारा कागद नाही. अमेरिकी जनमताची धास्ती हे कारण नोंदींत दिसते. तरीही युद्ध लवकर संपवणे हाच एकमेव हेतू होता असे म्हणणाऱ्यांना या गाळलेल्या वाक्याचे उत्तर द्यावेच लागते.

तोक्योतील बाजू : रशियाने ८ ऑगस्टला युद्ध पुकारले आणि ९ च्या पहाटे मांचुरियावर चढाई केली. त्या सकाळी सहा जणांच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक बसली. नागासाकीची बातमी बैठक चालू असताना आली आणि त्यानंतरही शरणागतीच्या अटींवरून मंडळ तीनविरुद्ध तीन असेच विभागलेले राहिले. इतिहासकार त्सुयोशी हासेगावा यांनी २००५ मध्ये रशियाच्या प्रवेशाला निर्णायक महत्त्व दिले. सादाओ असादा यांनी हिरोशिमाच्या धक्क्याला दिले. दोघांनाही आधार सापडतो, कारण सम्राटाने दोन निवेदने दिली. १५ ऑगस्टच्या जनतेसाठीच्या भाषणात नव्या क्रूर बाँबचा उल्लेख आहे, रशियाचा नाही. १७ ऑगस्टच्या सैनिकांसाठीच्या आज्ञापत्रात रशियाचा आहे, बाँबचा नाही.

सार्वजनिक वाद : हिरोशिमावर बाँब टाकणारे ‘एनोला गे’ विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत सविस्तर माहितीफलकांसह मांडण्याची योजना माजी सैनिकांच्या संघटना आणि काँग्रेस सदस्यांच्या विरोधामुळे जानेवारी १९९५ मध्ये रद्द झाली. भांडण मुख्यतः स्वारीतील हताहतांच्या आकड्यावर पेटले होते. भारतीय वाचकाला जपानी नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांच्या तोक्यो खटल्यातील न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे भिन्नमतपत्र महत्त्वाचे वाटेल. नागरिकांचा सरसकट संहार बेकायदा मानायचा, तर पॅसिफिक युद्धात पहिल्या महायुद्धातील जर्मन सम्राटाच्या आणि दुसऱ्यातील नाझी नेत्यांच्या आदेशांजवळ जाणारी एकमेव गोष्ट अणुबाँब वापरण्याचा निर्णय हीच होय, असे त्यांनी त्यात म्हटले. पाल यांचा रोख चौथ्या प्रश्नावर होता. पहिल्या प्रश्नाचा पुरावा म्हणून ते मत वापरता येत नाही.