व्हीलचेअरवरचा कंटेम्पररी डान्स आला कुठून

माझी भाची नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहते, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही, व्हीलचेअर वापरते. तिच्यासाठी डान्स क्लास शोधतोय म्हटलं की वाशी-नेरूळला सगळीकडे पहिला प्रश्न एकच, बसून कसला डान्स? विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, त्यांनी तसं कधी बघितलेलंच नसतं, म्हणून हे थोडं मागचं लिहितोय.

आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते सुधा चंद्रन यांचं, आणि ते निघायलाच हवं. मुंबईची मुलगी, लहानपणापासून भरतनाट्यम, १९८१ ला तामिळनाडूत बसचा अपघात झाला, पाय कापावा लागला, मग जयपूर फूट हा कृत्रिम पाय बसवून पुन्हा सराव आणि १९८४ मध्ये परत स्टेजवर. हा पाय १९६८ च्या सुमाराला जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी बनवला, रबराचा, अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल असा, म्हणजे आपल्या राहणीला धरून. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसताना, पायावर किती ताण येतो हे भरतनाट्यम शिकलेल्यांना सांगायला नको, त्यामुळे त्या तीन वर्षांत त्यांनी किती रक्त आटवलं असेल बघा.

पण तिथे नाच आहे तसाच होता, त्याच्यापर्यंत पोचायची सगळी धडपड शरीराने केली. कंटेम्पररीमध्ये, म्हणजे शास्त्रीय नाचासारखी ठरलेली चौकट नसलेल्या आजच्या नाचात, नाचालाच शरीराकडे यावं लागलं, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

नाचाने असं शरीराकडे येण्याची सुरुवात अपंगत्वाशी संबंध नसलेल्या ठिकाणी झाली. १९७२ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकाने ओबर्लिन कॉलेजात मुलांना घेऊन एक प्रयोग केला, एकमेकांवर आदळायचं, पडायचं, लोळायचं आणि शेवटी काही मिनिटं नुसतं उभं राहायचं. त्यातून कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन आलं. यात ठरलेल्या स्टेप नसतात, दोघं एकमेकांना वजन देतात, घेतात, आणि जिथे अंग टेकलंय तिथून पुढची हालचाल सुचते. आता वजन तर प्रत्येक शरीराला असतं ना, पाय चालोत न चालोत, आणि व्हीलचेअर आली की वजनाबरोबर चाकाचा वेगही मिळतो, गिरकीही मिळते. १९८७ मध्ये ओरेगॉनमधल्या अ‍ॅलिटो अलेस्सी यांनी हेच धरून अपंग-बिनअपंग सगळ्यांना एकत्र नाचायला शिकवणारं डान्सअ‍ॅबिलिटी सुरू केलं, त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओकलंडला तशीच अ‍ॅक्सिस डान्स कंपनी उभी राहिली.

इंग्लंडची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. सेलेस्ट डँडेकर लंडनच्या नामवंत डान्स कंपनीत नाचायच्या, १९७३ मध्ये शो चालू असताना पडल्या, मणक्याला इजा झाली आणि व्हीलचेअर आली. नाच संपला असंच सगळे समजले, त्या स्वतःही. कितीतरी वर्षांनी, १९९१ मध्ये, त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्याबरोबर कँडोको ही डान्स कंपनी सुरू केली, अपंग आणि बिनअपंग नर्तक एकत्र, सगळे प्रोफेशनल. तिथेच डेव्हिड टूल पुढे आले, दोन्ही पाय नव्हते, आधी पोस्टात नोकरी करायचे, हातांवर चालायचे आणि हातांवरच असं काही नाचायचे की पाय असलेल्या माणसाला ते जमणारच नाही. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात जगाने त्यांना बघितलं.

भारतात दिल्लीचे सय्यद सलाउद्दीन पाशा यांनी व्हीलचेअरवर भरतनाट्यम, योग असं बरंच बसवलं. कायद्याचं म्हणाल तर अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा मुख्यतः शिक्षण आणि नोकरीभोवती होता. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि कला शिकवणारे कोर्स दिव्यांगांना जमतील असे नव्याने आखावेत हेही त्यात आलं. हे कलम क्लास चालवणाऱ्या किती जणांनी वाचलंय कुणास ठाऊक, मला तरी अजून तसं कुणी भेटलेलं नाही.

आणि हॉल. हल्ली बऱ्याच ठिकाणी रॅम्प असतो, पण तो प्रेक्षकांच्या दाराशी, विंगेतून स्टेजवर जायला पायऱ्याच. म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस बघायला येईल हे धरलंय, नाचायला येईल हे नाही. ठाण्यात एका गॅदरिंगला भाचीला तिच्या बाबांनी आणि मी खुर्चीसकट उचलून वर नेलं, पाच पायऱ्या होत्या, आणि वर गेल्यावर तिला कडेला हातात फूल देऊन बसवून ठेवलं.