इन्फ्ल्यूएंझातील दुय्यम जिवाणुसंसर्ग

इन्फ्ल्यूएंझा विषाणूची लागण चालू असताना किंवा ती ओसरू लागल्यावर श्वसनमार्गात होणारा जिवाणूंचा संसर्ग. न्यूमोनिया हे त्याचे सर्वांत घातक रूप होय. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस व हिमोफिलस इन्फ्ल्यूएंझी हे जिवाणू प्रामुख्याने आढळतात.

यांपैकी शेवटच्याचे नाव एका जुन्या वादाची खूण आहे. १८८९ मध्ये सुरू झालेल्या जागतिक साथीत रिखार्ट फायफर यांना रुग्णांच्या थुंकीत एक बारीक दंडाणू (दांड्याच्या आकाराचा जिवाणू), म्हणजेच हा हिमोफिलस, दिसला आणि १८९२ मध्ये त्यांनी तोच रोगाचे कारण ठरविला. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या जागतिक साथीत मात्र अनेक शवविच्छेदनांत तो सापडेना. १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांवर प्रयोग केले. आजारी डुकरांपासून घेतलेल्या, जिवाणू गाळून काढलेल्या द्रवाने सौम्य आजार होई; त्याच द्रवासोबत हिमोफिलस गटातील जिवाणू दिल्यास तो तीव्र होई. १९३३ मध्ये स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी मानवी विषाणू वेगळा केला आणि कारणाचा प्रश्न मिटला. जिवाणूचे नाव तेवढे तसेच राहिले. फायफर यांचे निदान चुकले, तरी त्यांनी पाहिलेला जिवाणू रोगाशी असंबद्ध नव्हता, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

१९१८ मधील मृत्यू विषाणूमुळे की जिवाणूंमुळे, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक शरीराच्या अतितीव्र प्रतिकार-प्रतिक्रियेवर भर देतात. मोरेन्स, टॉबेनबर्गर व फाउची यांनी २००८ मध्ये ५८ मृतांच्या जतन केलेल्या फुफ्फुस-ऊतकांची फेरतपासणी व जुन्या शवविच्छेदन-अहवालांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार बहुतेक मृत्यू जिवाणुजन्य न्यूमोनियाने झाले असावेत. पुराव्याचा कल याच बाजूला दिसतो.

विषाणू श्वासनलिकेचे पक्ष्माभिकायुक्त (सूक्ष्म हलत्या केसांसारख्या तंतूंचे) अस्तर सोलून काढतो; काही ठिकाणी केवळ तळच्या पेशींचा थर उरतो. त्यामुळे श्लेष्मा (चिकट स्राव) वर ढकलला जात नाही आणि उघड्या पृष्ठभागाला जिवाणू चिकटतात. विषाणूचे न्यूरामिनिडेज हे एंझाइम पेशींच्या पृष्ठभागावरील सियालिक अम्ल (एक शर्करा-घटक) तोडते, त्यामुळे न्यूमोकॉकसला चिकटण्याच्या जागा मोकळ्या होतात. इंटरफेरॉन या शरीराच्या प्रतिकार-प्रथिनाच्या प्रभावाखाली वायुकोशांतील भक्षक पेशींचे कामही मंदावते. उंदरांवरील प्रयोगांत लागणीनंतर सुमारे सातव्या दिवशी ही दुर्बलता सर्वाधिक असते.

ताप उतरून पुन्हा चढणे, पूमिश्रित थुंकी व वाढती धाप ही सूचक लक्षणे होत; स्टॅफिलोकॉकसच्या संसर्गात मात्र अशी उसंत मिळेलच असे नाही. उपचारात प्रतिजैविकांसोबत विषाणुरोधक औषधेही देतात. इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोकॉकस यांच्या लसी प्रतिबंधास उपयोगी आहेत. हिमोफिलसची प्रचलित लस ‘बी’ या आवरणयुक्त प्रकारापुरतीच असल्याने आवरणविरहित प्रकारांपासून ती संरक्षण देत नाही.