वाय-फाय स्थाननिश्चिती

इंटरनेटसाठी इमारतीत आधीच बसवलेल्या वाय-फाय यंत्रणेच्या रेडिओ संकेतांवरून मोबाइल, लॅपटॉप किंवा एखाद्या वस्तूला लावलेला टॅग इमारतीत कुठे आहे, हे ठरवण्याची पद्धत. घराबाहेर हे काम जीपीएस करते. पण उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची तीव्रता जेमतेम –१३० डीबीएम (संकेताची ताकद मोजण्याचे एकक; दर १० अंकांना ताकद दहापट बदलते) असते आणि छत, काँक्रीट ओलांडताना तीही उरत नाही. वाय-फायचा –८० डीबीएमचा संकेत, म्हणजे ज्यावर साधे पानही धड उघडत नाही असा, त्याच्या लाखपट तीव्र असतो. तो इमारतीत सगळीकडे पसरलेला असतो आणि त्याचे पैसे आधीच भरलेले असतात.

याआधीच्या प्रणालींना स्वतंत्र उपकरणे लागत. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेला बिल्ला दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली खूण पाठवी. माणूस कोणत्या खोलीत आहे ते त्यातून कळे, पण त्यासाठी प्रत्येक खोलीत संवेदक बसवावा लागे. श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरींवरच्या प्रणाली काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक होत्या, मात्र त्यांनाही जागोजागी संवेदक लागत.

आहे त्याच यंत्रणेवर भागवण्याचा मार्ग मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० साली दाखवला. त्यांच्या प्रणालीचे नाव ‘रडार’ होते. विमाने टिपणाऱ्या रडारशी तिचा संबंध नाही. ४३.५ मीटर लांब आणि २२.५ मीटर रुंद अशा एका मजल्यावर पन्नासहून अधिक खोल्या होत्या आणि वाय-फायची केंद्रे, म्हणजे संकेत पाठवणारे राउटर, फक्त तीन. ७० ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून, संकेताची तीव्रता नोंदवण्यात आली. तीन केंद्रांच्या तीन तीव्रता मिळून त्या जागेचा ‘ठसा’ तयार झाला. नंतर नवे मोजमाप आले की साठवलेल्या ठशांपैकी त्याच्या सर्वांत जवळचा ठसा शोधायचा. या रीतीने मध्यक चूक (निम्म्या वेळा चूक हिच्याहून कमी असते) सुमारे तीन मीटर आली. मोजणीऐवजी अंतर आणि मधल्या भिंती यांच्या सूत्राने ठसे काढले, तेव्हा ती सव्वाचार मीटरांच्या आसपास गेली.

सूत्र कमी पडते याचे कारण भौतिकीत आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की संकेत ६ डेसिबेलने घटतो, हा हिशेब सरळ आहे. इमारतीत तोच संकेत भिंती, लोखंडी कपाटे, लिफ्टचे दरवाजे यांवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी येतो आणि या वाटा एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे मारतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने हात थोडासा सरकवला तरी आकडा बदलतो. त्यात माणसाच्या शरीरातले पाणी ही लहर शोषते. राउटरकडे पाठ केली तर संकेत घटतो, म्हणून तर मोजणी चार दिशांना करावी लागली.

या पद्धतीसाठी ‘स्वस्त’ हे विशेषण त्यामुळे जपून वापरावे लागते. यंत्रांचा खर्च वाचतो, पण तो मोजणीच्या मजुरीत निघतो. सुटीच्या दिवशी रिकाम्या कार्यालयात घेतलेले ठसे कामाच्या दिवशी पुरते जुळत नाहीत. एखादा राउटर हलवला, नवे पार्टिशन घातले की त्या भागाची मोजणी पुन्हा आली. शिवाय दोन वेगळ्या मोबाइलांच्या चिपा एकाच जागी वेगळा आकडा दाखवतात. बहुमजली इमारतीत मजला चुकणे हे काही मीटरांच्या चुकीपेक्षा महागात पडते, कारण जिना शोधण्यातच वेळ जातो.

ही मजुरी कमी करण्यावर बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये लक्षणीय काम झाले. तेथील २०१० च्या ‘ईझी’ प्रणालीत आधी मोजणी करायचीच नाही. लोकांचे मोबाइल फिरताना नोंदी करतात, खिडकी-दाराशी अधूनमधून मिळालेले जीपीएस स्थान आधाराला घेतात आणि उरलेले गणित संगणक सोडवतो. लहान इमारतीत मध्यक चूक २ मीटर, मोठ्या इमारतीत ७ मीटर आली. २०१२ च्या ‘झी’ने चालणाऱ्याची पावले आणि वळणे मोबाइलमधल्या संवेदकांवरून मोजली. माणूस भिंतीतून जात नाही एवढ्या एका गोष्टीवर नकाशातल्या अशक्य वाटा गाळत गेले की खरी वाट आपोआप उरते. या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना म्हणावी लागेल.

तीव्रतेऐवजी संकेताला राउटरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ मोजून त्यावरून अंतर काढणे हा दुसरा मार्ग. प्रकाशवेगाने जाणारी लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, तेव्हा घड्याळ तितके बारीक हवे. वाय-फाय ज्यावर चालते त्या ८०२.११ या तांत्रिक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ही सोय आली, २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ ने ती अ‍ॅपना खुली केली आणि एक-दोन मीटरांची अचूकता शक्य झाली. अट अशी की राउटरलाही ती सोय हवी. जुन्या राउटरांना ती नसते, म्हणजे पुन्हा खरेदी आली. संकेत कोणत्या कोनातून येतो हे तीन अँटेनांवरून काढणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्पॉटफाय’ने २०१५ मध्ये बाजारात मिळणाऱ्या साध्या वाय-फाय कार्डांवर ४० सेंटिमीटरांची मध्यक चूक गाठली.

मोबाइल राउटरांना ऐकतो की राउटर मोबाइलला ऐकतात, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात स्थान मालकाच्या हाती राहते. पण अँड्रॉइड ९ पासून समोर उघडे असलेले अ‍ॅपही दोन मिनिटांत चारदाच आसपासचे राउटर तपासू शकते आणि आयफोन ही यादी सामान्य अ‍ॅपना देतच नाही. दुसऱ्या प्रकारात मालकाला पत्ताही लागत नाही. ओळखीच्या वाय-फाय जाळ्याच्या शोधात मोबाइल हाका मारत असतो आणि राउटर त्या नोंदवू शकतो. २०१३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरील कचरापेट्यांत बसवलेली यंत्रे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल असेच टिपत होती. शहर प्रशासनाने ते थांबवायला सांगितले. त्याच शहराच्या भुयारी रेल्वेने २०१६ च्या अखेरीस ५४ स्थानकांवर चार आठवडे, फलक लावून आणि ओळख पुसून, हीच नोंद घेतली. किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू जायला प्रवासी किमान १८ वेगवेगळ्या वाटा वापरतात हे त्यातून दिसले. तिकिटावरून फक्त आत-बाहेरचे स्थानक कळते, मधली वाट नाही.

अ‍ॅपलने २०१४ पासून या हाकांमधला पत्ता, म्हणजे मोबाइलची ओळख पटवणारा क्रमांक, बदलता ठेवायला सुरुवात केली, अँड्रॉइडनेही तीच वाट धरली आणि परस्पर मागोवा घेणे अवघड झाले. मात्र एखाद्या जाळ्याला जोडलेल्या मोबाइलचा पत्ता त्या जाळ्यापुरता बहुधा कायम राहतो. कार्यालयाच्या वाय-फायवर असलेला कर्मचारी कोणत्या राउटरजवळ बसला आहे, हे तिथल्या व्यवस्थापकाला आजही पडद्यावर दिसू शकते.