‘नर्व्हस’ म्हणजे एके काळी बलदंड

मुलाखतीच्या खोलीबाहेर बसल्यावर तळहातांना घाम सुटतो, तेव्हा माणूस ‘नर्व्हस’ असतो. महिना झाला तरी उत्तर येत नाही, रात्री डोळा लागत नाही, तेव्हा तो ‘अँक्शस’ होतो. पहिली धाकधूक प्रसंगापुरती असते, दुसरी काळजी मात्र घर करून राहते. आज इंग्रजीत साधारण असा फरक मानतात, पण दोन्ही शब्द इथवर आले ते फार वेगळ्या वाटांनी.

‘अँक्शस’ची वाट सरळ आहे. लॅटिनमध्ये ‘आंगेरे’ म्हणजे आवळणे, गळा दाबणे. जर्मन ‘आंग्स्ट’ आणि छातीतल्या दुखण्याचे ‘अंजायना’ हे नाव त्याच कुळातले. आपल्यालाही हे कूळ परके नाही. ऋग्वेदातले ऋषी ज्या ‘अंहस्’मधून सोडव म्हणून देवांना विनवतात, तो शब्दही याच मुळाचा, ‘अंहु’ म्हणजे अरुंद. चिंतेने जीव आवळला जातो, हा अनुभव इतका जुना आहे.

‘नर्व्हस’ची कथा मात्र चक्रावून टाकते. लॅटिन ‘नर्वुस’ म्हणजे स्नायुबंध, धनुष्याची दोरीसुद्धा. (संस्कृत ‘स्नावन्’ त्याचा भाऊबंद.) म्हणून सतराव्या शतकात ‘नर्व्हस’ माणूस म्हणजे पिळदार, दमदार माणूस, जोरकस लेखनशैलीलाही हेच विशेषण लावत. मग शरीरशास्त्रज्ञांचे लक्ष मज्जातंतूंकडे, म्हणजे ‘नर्व्ह’कडे, वळले. थॉमस विलिस यांचा मेंदूच्या रचनेवरचा ग्रंथ १६६४चा. १७३३मध्ये जॉर्ज चेन या डॉक्टरांनी तर सुखवस्तू इंग्रजांच्या तक्रारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश या तंतूंच्या माथी मारल्या. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशात हे स्थित्यंतर ऐन मध्यावर पकडलेले दिसते: पहिला अर्थ ‘बळकट, जोमदार’ आणि शेवटचा ‘दुर्बळ किंवा रोगट नसांचा’, तोही वैद्यांची बोली असा नाक मुरडणारा शेरा मारून. एका शब्दाचे दोन उलटे अर्थ एकाच नोंदीत! पुढे वैद्यांचाच अर्थ टिकला.

‘अँक्शस’ला अठराव्या शतकात ‘उत्सुक’ हाही अर्थ चिकटला. अमेरिकी लेखक अँब्रोज बिअर्स यांनी १९०९मध्ये त्याला हरकत घेतली, लोकांनी ती मानली नाही. मला ती हरकत पटत नाही: लेकीच्या पत्राची वाट पाहताना ओढ कुठे संपते आणि काळजी कुठे सुरू होते, कोण सांगणार? आपली ‘हुरहूर’ नेमकी याच सीमेवर उभी असते.

विसाव्या शतकात फ्रॉइडच्या ‘आंग्स्ट’चे इंग्रजी भाषांतर ‘अँग्झायटी’ असे रूढ झाले, आणि हा शब्द मानसोपचाराचा झाला. मराठीत तो अलीकडे त्याच दाराने आला. ‘नर्व्हस’ मात्र आपल्याकडे केव्हाचाच घरचा झाला आहे. ‘काय रे, आज असा नर्व्हस का?’ असे आपण विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा समोरचा घाबरलेला नसतो, हिरमुसलेला असतो. हा अर्थ इंग्रजांना ठाऊक नाही. तो आपणच दिला आहे.