तेल काढणाऱ्या माणसालाच धोका सगळ्यात शेवटी का कळतो?

जमिनीखालून तेल वर येतं तेव्हा ते एकटं येत नाही. त्याच्यासोबत खारं पाणी येतं, वाळू येते, मिथेनसारखे पेट घेणारे वायू येतात आणि बऱ्याच ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड येतो, ज्याला फील्डवर सगळेच एच टू एस म्हणतात. या वायूचं आधी सांगायला हवं कारण तेल उद्योगातला एक मोठा प्रश्न याच्यात जसाच्या तसा दिसतो.

एच टू एसला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे 1 पीपीएमपेक्षा कमी असला तरी नाकाला कळतं. मग वाटतं की वास आला की पळायचं, एवढं सोपं आहे. पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाकातली वास ओळखणारी यंत्रणाच बधिर होते, वास येणं थांबतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. 500 ते 700 पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो, 1000 च्या वर एक-दोन श्वासांतच खेळ संपू शकतो. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारं जे एन्झाइम असतं त्यालाच हा वायू अडवतो, त्यामुळे फुप्फुसात हवा असूनही शरीर आतून गुदमरतं. वर तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात, पंप हाऊसमध्ये, टाकीच्या तळाशी साचून राहतो.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ओडेसाजवळ एक कामगार रात्री पंप बघायला एकटा गेला. त्याच्याकडचा गॅस डिटेक्टर गाडीतच राहिला होता आणि पंप हाऊसमधली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा चालत नव्हती. तो परत येईना म्हणून बायको दोन मुलांना गाडीत घेऊन शोधायला आली, तीही आत गेली आणि दोघंही गेले. मुलं गाडीत होती म्हणून वाचली. मला यात सगळ्यात जास्त हे खटकतं की या वायूबद्दल विज्ञानाला न कळलेलं असं काहीच नव्हतं. तो किती पीपीएमला काय करतो, कसा ओळखायचा, सगळं माहीत होतं, फक्त त्या रात्री त्या दाराशी ती माहिती हजर नव्हती.

आता टाक्यांचं बघा. विहिरीतून आलेलं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, टाकीत साठवतात आणि किती भरलंय ते मोजायला कामगार वर चढून झाकण उघडतो. आत प्रोपेन, ब्यूटेन असे हलके हायड्रोकार्बन दाबाखाली बसलेले असतात, झाकण उघडलं की सगळा लोट थेट तोंडावर. ऑक्सिजन कमी पडतो आणि हे वायू हृदयाचे ठोकेही बिघडवतात. अमेरिकेत 2010 ते 2014 या काळात अशा कामात निदान 9 कामगार मेल्याचं तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेने शोधून काढलं. शोधून काढलं असं म्हणतोय कारण एकटा माणूस टाकीवर मेलेला सापडला, अंगावर जखम नाही, तर हार्ट अटॅक आला असेल म्हणून कागदावर सहज निसटून जातं. खरं तर जमिनीवरूनच टाकीची पातळी वाचता येईल अशी साधनं आहेत, मग माणसाला झाकण उघडायला पाठवायचंच कशाला?

हे सगळं पटकन मारणारं झालं. सावकाश मारणाऱ्यात बेंझिन पहिलं. ते क्रूडमध्ये असतंच, पेट्रोलमध्येही असतं, श्वासातून शरीरात जातं आणि रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं नुकसान करतं. त्याने ल्युकेमिया होतो यात आता काही वाद नाही. नॉर्वेच्या समुद्रात काम केलेल्या सुमारे 25 हजार पुरुष कामगारांच्या अभ्यासात कमी प्रमाणातल्या बेंझिनशीही रक्ताच्या कॅन्सरचा संबंध दिसला. अडचण अशी की आजार कित्येक वर्षांनी येतो, तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टर बदललेला असतो, साइट बदललेली असते आणि किती बेंझिन हुंगलं याची नोंद कोणाकडेच नसते. आगीत मेलेल्यांचा आकडा सगळ्यांना माहीत असतो, नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 ला 167 माणसं गेली हे इतिहासात आहे, पण असे सावकाश गेलेले कोण मोजणार?

आणि कामगाराच्या शरीरात आधी दिसलेली गोष्ट पुढे अख्ख्या समाजात कशी पसरते ते बघायचं असेल तर शिशाच्या पेट्रोलची गोष्ट वाचायलाच हवी. पूर्वी इंजिनमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वेळेआधीच पेटायचं आणि ठोके बसायचे. 1921 मध्ये थॉमस मिजली या इंजिनियरच्या लक्षात आलं की टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग थोडंसं घातलं की हे थांबतं. अल्कोहोलनेही थांबत होतं, पण त्याचं पेटंट घेता येत नव्हतं. हे संयुग चरबीत विरघळतं, कातडीतूनही आत जातं आणि मेंदूपर्यंत पोचतं. 1924 च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागायला लागले, नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या, काहींना बांधून न्यावं लागलं. 5 जण मेले, तीसहून जास्त आजारी पडले. त्यानंतर काही दिवसांतच मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं, की बघा, काही होत नाही. आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे त्याला स्वतःला कामातून सुट्टी घ्यावी लागली होती!

1925 मध्ये अमेरिकन सरकारने या पेट्रोलवर परिषद बोलावली, तिथे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोध केला. कारखान्यात कामगारांचं काय होतं हे त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः जाऊन पाहिलेलं होतं. पण विक्री थोडा काळ थांबली आणि परत सुरू झाली, मग पन्नासेक वर्षं गाड्यांच्या धुरातून शिसं जगभरच्या रस्त्यांवर पडत राहिलं आणि मुलांच्या शरीरात जात राहिलं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं त्यामुळे वाढत्या मेंदूला ते फार वाईट. 2022 मधल्या एका संशोधनाप्रमाणे 17 कोटींहून जास्त अमेरिकन लोकांच्या रक्तात लहानपणी धोकादायक पातळीचं शिसं होतं. गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 मध्ये थांबलं. म्हणजे बेवेच्या कामगारांनंतर 97 वर्षांनी!

समाजावरचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. नायजेरियाच्या नायजर डेल्टामध्ये 1956 पासून तेल सापडतंय. तिथल्या ओगोनी भागाची पाहणी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने केली आणि 2011 मध्ये अहवाल दिला. ओगाले इथली कुटुंबं ज्या विहिरींचं पाणी पीत होती त्यात बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या 900 पटींहून जास्त निघालं. एका ठिकाणी भूजलावर तेलाचा 8 सेंटिमीटर जाड थर तरंगत होता. पूर्ण सफाईला 25 ते 30 वर्षं लागतील असं अहवालात म्हटलंय. पाण्याला वास येतोय हे तिथल्या लोकांना कळत होतंच, पण दुसरं पाणी आणायचं कुठून?

तापमानवाढीचंही तसंच. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1977 पासून पृथ्वी किती तापेल याचे अंदाज केले होते. 2023 मध्ये ते तपासले तर 63 ते 83 टक्के अंदाज बरोबर निघाले. कंपनी मात्र बाहेर अनेक वर्षं हे विज्ञान अजून पक्कं नाही असंच सांगत राहिली.

काही जण म्हणतात की नॉर्वेकडे बघा, त्यांनी तेल नीट हाताळलं. ते बऱ्याच अंशी खरंय. तेलाचा पैसा खर्च न करता त्यांनी 1990 मध्ये फंड काढला, आज तो जगातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी फंडांपैकी आहे. पण त्या तेलासाठी सुरुवातीच्या काळात नॉर्थ सीच्या तळाशी डायव्हर उतरत होते. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की वायू रक्तात आणि पेशींत विरघळतात, वर येताना दाब घाईने कमी केला तर त्यांचे बुडबुडे होतात आणि मेंदू, मज्जारज्जू, सांधे यांना इजा होते. म्हणून किती वेळात वर आणायचं याचे तक्ते असतात. डायव्हिंग कंपन्यांचे तक्ते वेगवेगळे होते आणि ते धंद्याचं गुपित म्हणून जपले जायचे, कारण माणूस जितका लवकर वर येईल तितका खर्च कमी. अनेक डायव्हर पुढे कायमचे आजारी झाले, ते भांडत भांडत युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि 2013 च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला. स्वतःच्या जिवाचा धोका किती आहे हे ठरवायला लागणारी माहिती त्या तक्त्यांबद्दल डायव्हरना मिळेल याची काळजी नॉर्वेने घेतली नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि देशाला दोषी धरलं. हा निकाल प्रत्येक रिगवर, प्रत्येक रिफायनरीत, तिथल्या भाषेत भिंतीवर लावायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि शेजारी त्या जागेचं आजचं एच टू एस आणि बेंझिनचं रीडिंगही, कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसालाही वाचता येईल अशा अक्षरात.